डिस्ट्रॉफिन: स्नायूपेशीला फाटू न देणारा दोर

मुलाच्या पोटऱ्या भरलेल्या दिसल्या की आपल्याकडे त्याचे कौतुक होते. कोल्हापूर भागात तर पहिला शब्द येतो, ‘पैलवान होणार!’ पण हाच मुलगा चार-पाच वर्षांचा झाल्यावरही जिना चढताना कठडा धरत असेल, पळताना सोबतच्या मुलांच्या मागे पडत असेल आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकवत उठत असेल, तर त्या पोटऱ्या ताकदीच्या नाहीत. तिथे स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि तंतुमय ऊती घेत असण्याची शक्यता आहे. या आजाराचे नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थोडक्यात डीएमडी. जन्मणाऱ्या साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो.

हा आजार डिस्ट्रॉफिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या अभावामुळे होतो. ‘प्रथिनाची रचना समजून घेऊन आम्हाला काय करायचे?’ असे तुम्हाला वाटू शकते. पण जनुक तपासणीच्या रिपोर्टवरील एखादी ओळ नेमके काय सांगते, दोन मुलांत सारखाच दिसणारा दोष एकाला व्हीलचेअरवर आणि दुसऱ्याला पन्नाशीपर्यंत चालते का ठेवतो, नवी महागडी औषधे सगळ्यांना का चालत नाहीत, या प्रश्नांची उत्तरे त्या रचनेतच आहेत. म्हणून आधी रचना पाहू आणि मग तुम्ही काय करायचे ते.

पेशीला आतून आणि बाहेरून धरावे लागते

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते आणि त्याला स्वतःची फारशी ताकद नसते. पेशीच्या आत ॲक्टिनसारख्या प्रथिनांच्या धाग्यांचा एक सांगाडा असतो. पेशीच्या बाहेर लॅमिनिन, कोलॅजेन अशा प्रथिनांची जाळी असते. आतला सांगाडा आणि बाहेरची जाळी एकमेकांना बांधलेली असली तरच ताण पडल्यावर तो सगळीकडे वाटला जातो आणि मधले आवरण फाटत नाही.

हे बांधण्याचे काम करणारी प्रथिने शरीरात जागोजागी आहेत. सरपटत पुढे जाणाऱ्या पेशीला पाय रोवता येतात ते टॅलिन आणि विन्क्युलिनमुळे. टॅलिनवर ओढ पडली की त्याच्या घड्या उलगडतात, आत दडलेल्या जागा उघड्या होतात आणि तिथे विन्क्युलिन येऊन पकड घट्ट करते. त्वचेत प्लेक्टिन हे काम करते; ते सदोष असेल तर किरकोळ घर्षणानेही फोड येतात आणि पुढे स्नायूही दुबळे होऊ शकतात. हृदयाच्या पेशींना एकमेकींशी बांधण्यात डेस्मोप्लाकिनचा वाटा आहे; त्यातील दोषामुळे हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने अनियमित होऊ शकतात. अवयव वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे. सांधा कच्चा असला की जिथे ताण जास्त, तिथे पेशी आधी तुटते.

स्नायूइतका ताण कुठेच नसतो. म्हणून स्नायूपेशीत या कामासाठी डिस्ट्रॉफिन हे प्रचंड मोठे प्रथिन आहे.

दावे, खुंटा आणि गळ्यातली गाठ

गडमुडशिंगीसारख्या गावात गोठा कोणी पाहिला नाही असे होणार नाही. म्हैस दाव्याने खुंट्याला बांधलेली असते. दाव्याचे एक टोक खुंट्याला, दुसरे म्हशीच्या गळ्यात आणि मध्ये पीळ दिलेला दोर. डिस्ट्रॉफिनची रचना जवळजवळ अशीच आहे.

*खुंट्याकडचे टोक:* प्रथिनाच्या सुरुवातीचा भाग पेशीच्या आतील ॲक्टिनला धरतो. या भागाची स्फटिक-रचना २००० साली प्रसिद्ध झाली.

*मधला दोर:* हा सर्वांत लांब भाग. त्यात एकसारखे २४ तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एकमेकांभोवती वळलेल्या तीन मळसूत्री पट्ट्या, अगदी तीन पदरी दोरासारख्या. अधूनमधून चार लवचिक बिजागऱ्या असतात. ताण आला की हा भाग थोडा सैल होतो आणि हिसका झेलतो. याच्या मध्यावर ॲक्टिनला धरणारी आणखी एक जागा आहे, तसेच स्नायूचा रक्तपुरवठा वाढवणाऱ्या एका एन्झाइमला धरून ठेवणारी जागाही आहे.

*गळ्याकडचे टोक:* शेवटाकडचा हा भाग बीटा-डिस्ट्रोग्लायकॅन नावाच्या प्रथिनाला धरतो. ते पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते. बाहेर ते अल्फा-डिस्ट्रोग्लायकॅनला आणि ते पुढे लॅमिनिनच्या जाळीला धरते. शेजारी सार्कोग्लायकॅन नावाची चार प्रथिने या सांध्याला आधार देत उभी असतात.

हा सगळा समूह एकत्र कसा दिसतो याचे बारकाईचे चित्र बरीच वर्षे मिळत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. प्राण्यांच्या स्नायूंतून हा समूह वेगळा काढून, गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची रचना त्यात दाखवली गेली. पेशीच्या बाहेर तीन सार्कोग्लायकॅन एकमेकांत गुंफून एखाद्या मनोऱ्यासारखी उभी असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. रुग्णांमध्ये सापडणारे अनेक दोष नेमक्या कोणत्या सांध्यावर पडतात, हेही आता नकाशावर बोट ठेवून सांगता येते.

डिस्ट्रॉफिन ३,६८५ अमिनो आम्लांचे बनलेले असते. तरी स्नायूतील एकूण प्रथिनांत त्याचा वाटा फक्त ०.००२ टक्के आहे. १९८७ साली एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन आणि लुई कुंकेल यांनी ते शोधून त्याला नाव दिले. इतके थोडे असूनही ते नसले तर काय होते ते पाहा.

दावे नसले तर काय होते?

स्नायू आखडतो तेव्हा ताण येतोच. पण स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा सर्वांत जास्त ताण येतो. जिना उतरणे, उतारावर चालणे, उडी मारून जमिनीवर येणे, ही त्याची उदाहरणे. डिस्ट्रॉफिन नसेल तर अशा वेळी पेशीच्या आवरणाला बारीक चिरा पडतात. बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि पेशीचे नुकसान करते. आतले क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके हे एन्झाइम बाहेर रक्तात येते.

शरीर दुरुस्ती करते. स्नायूंतील राखीव पेशी नवे तंतू बनवतात, पण त्या नव्या तंतूंतही डिस्ट्रॉफिन नसतेच. वर्षानुवर्षे हे चक्र चालले की दुरुस्तीची ताकद संपते आणि स्नायूच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरतात. म्हणून मूल जन्मतः ठीक दिसते, तीन ते पाच वर्षांच्या सुमारास लक्षणे कळू लागतात, उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते आणि पुढे श्वासाचे स्नायू व हृदयावर परिणाम होतो.

तीनच्या पाढ्याचा नियम

आता रिपोर्टकडे वळू. डिस्ट्रॉफिनचे जनुक माणसातील सर्वांत लांब जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे. त्यातील कामाचे भाग ७९ तुकड्यांत विखुरलेले आहेत. या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. पेशी हे तुकडे जोडून तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचते. प्रत्येक शब्द म्हणजे एक अमिनो आम्ल.

मराठीतले उदाहरण घ्या: ‘बबन परत गवत बघत’. सगळे शब्द तीन अक्षरी आहेत. यातील ‘परत’ हा पूर्ण शब्द गाळला तर उरते ‘बबन गवत बघत’. वाक्य आखूड झाले, पण अर्थ लागतो. आता फक्त ‘र’ हे एकच अक्षर गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: ‘बबन पतग वतब घत’. गाळले एकच अक्षर, पण तिथून पुढचे सगळे निरर्थक झाले.

जनुकातही असेच घडते. फक्त एक्सॉन ४५ गळला तर १७६ अक्षरे जातात. या संख्येला तीनने भाग जात नाही. पुढचे वाचन बिघडते, थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा चुकीचा संदेश येतो आणि प्रथिन अर्ध्यातच संपते. दाव्याचे गळ्याकडचे टोक तयारच होत नाही. खुंट्याला दोर बांधलेला, पण म्हैस मोकळी. परिणाम: डीएमडी.

एक्सॉन ४५ ते ४७ असे तीन तुकडे गळले तर ४७४ अक्षरे जातात. या संख्येला तीनने भाग जातो. मधला दोर थोडा आखूड होतो, पण दोन्ही टोके शाबूत राहतात. परिणाम बहुधा सौम्य, म्हणजे बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी. अशा व्यक्ती अनेकदा तारुण्यातही चालत असतात, काही तर त्यापुढेही. मात्र त्यांच्या हृदयाची तपासणी नियमित व्हावी लागते.

म्हणजे जास्त भाग गळूनही आजार सौम्य असू शकतो आणि कमी भाग गळूनही तीव्र. किती गेले यापेक्षा टोके राहिली का, हा खरा प्रश्न आहे. १९९० साली ‘नेचर’मध्ये एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या डिस्ट्रॉफिनचा मधला तब्बल ४६ टक्के भाग गायब होता, तरी त्यातील एक रुग्ण वयाच्या ६१व्या वर्षी चालत होता. जवळजवळ निम्मा दोर नाही, पण दोन्ही गाठी पक्क्या. आजच्या जनुकीय उपचारांची कल्पना याच निरीक्षणावर उभी आहे.

हा नियम सुमारे ९० टक्के रुग्णांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. दोष थेट टोकाच्या गाठीतच असेल तर तीनचा हिशेब जुळूनही आजार तीव्र असू शकतो. म्हणून रिपोर्टवरून घरी बसून निष्कर्ष काढू नका. ‘वाचन-चौकट टिकली आहे का?’ हा प्रश्न मात्र डॉक्टरांना नक्की विचारा.

निदान कसे होते?

- *सीके:* साधी, स्वस्त रक्ततपासणी. डीएमडीमध्ये हा आकडा नेहमीच्या ५० ते १०० पटही असू शकतो. तो नॉर्मल असेल तर डीएमडीची शक्यता जवळजवळ उरत नाही.
- *एमएलपीए:* एक्सॉन गळले आहेत की दुप्पट झाले आहेत हे यात कळते. बहुतेक रुग्णांचे निदान इथेच होते.
- *जनुकाचे पूर्ण वाचन:* एमएलपीएमध्ये काही सापडले नाही तर एखाद्या अक्षराची चूक शोधण्यासाठी.
- *स्नायूचा तुकडा काढून तपासणी:* पूर्वी ही पहिली तपासणी असे. आता वरच्या तपासण्यांतून उत्तर मिळाले नाही तरच ती करतात.

एसजीओटी, एसजीपीटी वाढले म्हणजे कावीळच असते का?

ही बाब प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम यकृतात असतात, तशी स्नायूतही असतात. डीएमडीमध्ये स्नायू फुटत असल्याने ती रक्तात वाढतात. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन नॉर्मल आहे, तरी ‘लिव्हर वाढले’ म्हणून मुलाला महिनोन्‌महिने पथ्य आणि काविळीची औषधे दिली जातात, आणि मूळ आजार मागेच राहतो. मुलात ही एन्झाइम वारंवार वाढलेली येत असतील आणि मूल चालण्या-पळण्यात मागे असेल, तर यकृताच्या पुढील तपासण्यांआधी सीके करून घ्या.

नात्यातले लग्न आणि आईला लागणारा बोल

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. त्यामुळे मुलाला असा आजार निघाला की ‘नात्यात केले म्हणून झाले’ असे म्हटले जाते. डीएमडीच्या बाबतीत ते खरे नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे वडील नात्यातले आहेत की परके याने फरक पडत नाही.

याचा अर्थ दोष आईचा, असाही नाही. जवळजवळ एकतृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. उरलेल्या मुलांच्या आईत तो असला तरी तिने तो ओढवून घेतलेला नसतो. तिच्याकडे दुसरा निरोगी एक्स असल्याने तिला बहुधा त्रासही जाणवत नाही.

मात्र सार्कोग्लायकॅनमधील दोषांमुळे होणारी लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी वेगळी. डिस्ट्रॉफिनच्या शेजारच्याच आधारात तो दोष असतो आणि लक्षणे खूप सारखी दिसतात, पण ती मुलींनाही होते. त्यात आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, म्हणून नात्यातील लग्नात तिचा धोका वाढतो. नेमका कोणता सांधा निखळला आहे हे जनुक तपासणीशिवाय कळत नाही.

मुलात दोष सापडला की आईची तपासणी करावी. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा वेळी मावशी आणि मुलाच्या बहिणी यांनाही योग्य वयात तपासणीचा सल्ला द्यावा. वाहक स्त्रियांनी हृदयाची तपासणीही करून घ्यावी. आईची रक्ततपासणी निर्दोष आली तरी पुढच्या गरोदरपणात थोडा धोका उरतो, कारण काही वेळा बदल फक्त बीजांडांत असतो. गर्भलिंग सांगणे हा गुन्हा आहे, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास पीसीपीएनडीटी कायद्यात मुभा आहे. त्यासाठी गरोदरपणाआधीच जनुकीय समुपदेशकाला भेटा.

उपचार: आज काय आहे?

आजार मुळातून बरा करणारे औषध आज नाही. पण ‘काहीच करता येत नाही’ हेही खरे नाही.

- *स्टिरॉइड:* सूज आणि नुकसान कमी करून चालण्याचा काळ साधारण दोन-तीन वर्षे वाढवतात. वजन, हाडे, रक्तदाब, डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते. ते अचानक कधीही बंद करू नका. ती सुरू करण्याआधी राहिलेल्या लसी पूर्ण करा.
- *हृदय आणि श्वास:* लक्षणे नसली तरी दरवर्षी हृदयाची तपासणी हवी. वेळेवर औषधे आणि गरज पडल्यावर रात्री श्वासाचे यंत्र यामुळे आज अनेक तरुण विशीच्या अखेरीपर्यंत आणि तिशीतही जगत आहेत.
- *व्यायाम:* रोज सांधे हलके ताणणे, पोहणे चालेल. वजन उचलणे, जोर-बैठका, जिने उतरण्याचा सराव नको. ‘ताकद येईल’ म्हणून तालमीत घालू नका. दावे नसलेल्या पेशीवर हिसका वाढवला तर ती लवकर फाटते.
- *एक्सॉन वगळणारी औषधे:* एक्सॉन ५० गळल्याने वाचन बिघडले असेल तर औषधाने ५१ वगळायला लावायचा. दोन्हींची मिळून ३४२ अक्षरे जातात आणि तीनचा हिशेब पुन्हा जुळतो. अशा पहिल्या औषधाला, एटेप्लिर्सेनला, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण ते सुमारे १३ टक्के रुग्णांनाच लागू पडते आणि तयार होणारे डिस्ट्रॉफिन थोडेच असते.
- *जनुकीय उपचार:* जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूत पाच हजारांहून कमी अक्षरे मावतात, तर डिस्ट्रॉफिनला अकरा हजार लागतात. म्हणून दोन्ही टोके ठेवून मधला दोर कापलेले ‘मायक्रो-डिस्ट्रॉफिन’ बनवले गेले. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मात्र २०२५ मध्ये हा उपचार घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. उमेद आहे, पण जोखीमही खरी आहे.

डीएमडीसाठी ‘स्टेम सेल’च्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. या आजारावर तो मान्य उपचार नाही.

शस्त्रक्रिया ठरली, अगदी दाताची किंवा फ्रॅक्चरची असली, तरी भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधी सांगा. सक्सिनिलकोलीन आणि भुलीचे काही वायू या मुलांत जीवघेणे ठरू शकतात. मुलाच्या दप्तरात ही माहिती लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

कुठे जायचे?

गडमुडशिंगी, उचगाव, उजळाईवाडी किंवा करवीर तालुक्यातील कोणत्याही गावात राहत असाल तर सुरुवात गावातूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ‘पळताना पडतो, उठायला त्रास होतो’ हे त्यांना किंवा आशाताईंना स्पष्ट सांगा. पुढे कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. मूल उठताना आणि जिना चढताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात डीएमडीचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. जनुक तपासणीचा रिपोर्ट हाती असेल तर तिथे मार्गदर्शन लवकर मिळते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्यामुळे यूडीआयडी कार्ड काढून घ्या. शाळेत, परीक्षेत आणि प्रवासात मिळणाऱ्या सवलतींसाठी ते लागते.

डॉक्टरांना लवकर दाखवा, जर…

- मूल १८ महिन्यांपर्यंत चालायला लागले नाही.
- तीन वर्षांनंतरही वारंवार पडते, चवड्यांवर चालते किंवा उडी मारू शकत नाही.
- जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवते.
- पोटऱ्या मोठ्या आणि टणक आहेत, पण पळण्यात मागे आहे.
- एसजीओटी, एसजीपीटी कारण न कळता वाढलेले आहेत.
- आईचा भाऊ किंवा मावसभाऊ अशाच आजाराने लहानपणी चालायचा थांबला होता.

यातील एकही गोष्ट जुळत असेल तर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून वर्ष घालवू नका. सीकेची एक तपासणी आणि त्यानंतर जनुकाचा एक रिपोर्ट, एवढ्यावर मुलाच्या पुढच्या वीस वर्षांचे नियोजन आणि घरातल्या लेकी-सुनांच्या पुढच्या गरोदरपणाचे निर्णय अवलंबून असतात.